वहिनी आणि शांत पाणी

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीखाली एक जाड, धुरकट पेटी ठेवलेली आहे. कोणी तिला माशांची जुनी टाकी समजतं, कोणी सरळ भंगार म्हणतं. ती पेटी म्हणजे मी. माझ्यात मासे कधीच नव्हते. माझ्यात पाणी होतं, आणि त्या पाण्याकडे एक बाई वर्षानुवर्षं बघत बसायची. तिच्याबद्दल बोलल्याशिवाय मला माझ्याबद्दल काही सांगताच येणार नाही.

माझा जन्म एका लहानशा कार्यशाळेत झाला. पारदर्शक प्लॅस्टिकचे बोटभर जाड तुकडे कापून, घासून, एकमेकांना चिकटवून कारागिराने मला घडवलं. वर जड झाकण दिलं, झाकणाखाली रबरी कडं बसवलं, एका बाजूला हवेचा दाब दाखवणारा गोल काटा लावला. तेव्हा मी इतकी स्वच्छ होते की कारागिराची बायको मला पुसायला आली आणि चक्क माझ्यावर आपटली. तो बराच वेळ हसत होता. मग मला गवतात गुंडाळून एका औषधांच्या कारखान्यात पाठवण्यात आलं.

त्या कारखान्यात आजारी बाळांसाठी एक पूड बनत असे. जुलाब-उलट्यांनी सुकून गेलेल्या बाळाला ती पाण्यात कालवून चमच्याने पाजायची. ती पूड लहान पाकिटांत भरत. पाकिटाच्या कडा यंत्राच्या गरम जबड्यात दाबून चिकटवल्या जात. त्या चिकटलेल्या कडेला तिथे सगळे सील म्हणत. सील कुठे केसाएवढंही उघडं राहिलं, तर आत दमट हवा शिरते, पुडीचा दगड होतो, नाहीतर तिच्यात जंतू वाढतात. वरून मात्र पाकीट छान दिसत राहतं. बाळाच्या आईला काही कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून कळण्याचं काम माझ्याकडे होतं.

पाकीट माझ्या पाण्यात बुडवायचं. ते तरंगून वर येऊ नये म्हणून त्याच्यावर जाळी दाबायची. झाकण लावून पंप सुरू करायचा. पंप पाण्यावरची हवा ओढून घेई, तसं पाकीट आतल्या हवेने टम्म फुगे आणि चारी बाजूंच्या सीलवर ताण येई. सील मजबूत असेल तर पाणी शांत राही. कच्चं असेल तर एका जागेवरून बुडबुड्यांची बारीक माळ वर चढू लागे. माझ्या शेजारी आणखी एक यंत्र होतं. ते सीलची पट्टी दोन चिमट्यांत धरून फाटेपर्यंत ओढायचं आणि किती जोर लागला त्याचा आकडा सांगायचं. त्याला त्या आकड्यांचा भारी तोरा होता. मला आकडे येत नव्हते. मला फक्त हो किंवा नाही एवढंच म्हणता येई.

माझ्यावर पहिल्यांदा काम करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सगळे बुडबुडेकाका म्हणत. त्यांची नजर अधू होऊ लागली, तेव्हा त्यांनी आपल्या जागेसाठी पाकिटं भरणाऱ्या विभागातली एक बाई निवडली. सगळ्या कारखान्यात तिला वहिनी म्हणत. त्याचं कारण असं, की तिला तिथे नोकरी मिळवून देणारा फिटर तिच्या नवऱ्याचा जिवलग मित्र होता. तो वहिनी म्हणायचा, म्हणून पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे वहिनी म्हणू लागले. ज्याच्यामुळे ती वहिनी झाली होती, तो नवरा मात्र तिथे कोणी पाहिलेला नव्हता. तो या जगातच नव्हता.

बुडबुडेकाकांनी तिला सगळं नीट शिकवलं. खोटे बुडबुडे कोणते हेही शिकवलं. पाण्यात मुळात थोडी हवा विरघळलेली असते, पंप लागला की तीही सुटते आणि बारीक मोत्यांसारखी इकडेतिकडे चिकटून बसते. त्याला फसायचं नाही. एकाच जागेवरून सारखे येतात ते खरे. शेवटी ते म्हणाले, "बाकी सोपं आहे, पोरी. पाणी गप्प राहिलं की आपण खूश व्हायचं."

वहिनींनी मान हलवली. त्यांचा हात माझ्या झाकणावर होता. तो त्यांनी लगेच काढून घेतला.

लवकरच माझ्या लक्षात आलं, की या बाईला शांत पाण्याची भीती वाटते. कच्चं पाकीट आलं आणि बुडबुडे निघाले, की तिच्या तोंडावर क्षणभर हायसं वाटल्यासारखं दिसे. पाकीट चांगलं असलं आणि पाणी हललं नाही, की ती श्वास रोखून धरी. नेमलेला वेळ संपला तरी पंप बंद करीत नसे. डोळे पाण्यात, आणि ओठ काहीतरी पुटपुटत असायचे. मग एकदम भानावर येऊन ती हवेची तोटी उघडे. तशी बाहेरची हवा सुस्कारा टाकत आत शिरे.

दुपारी सगळे डबे खायला गेले, की कधीकधी ती एक विचित्र गोष्ट करी. माझ्यात पाकीट नसतानाच झाकण लावून पंप सुरू करी. रिकाम्या पाण्यातून ते खोटे बुडबुडे सुटत, हळूहळू वर येत, फुटत. ती गाल माझ्या भिंतीला लावून ते बघत बसे. कोणाचे होते ते बुडबुडे? मित्रांनो, मी तर प्लॅस्टिकची पेटी. पण त्या वेळी माझ्या तळाशी कोणीतरी बसलेलं आहे, असं मलाही वाटायचं.

एकदा पंपात तेल घालायला आलेल्या फिटरने दाराच्या काचेतून हे पाहिलं. तो तेलाची बाटली हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग आत न येता निघून गेला.

कामात मात्र वहिनींचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा एका पाकिटाच्या कोपऱ्यातून थांबून थांबून एकच बुडबुडा येत होता. दुसऱ्या कोणी तो खोटा म्हणून सोडून दिला असता. वहिनींनी सगळा माल अडवला. शोधल्यावर सील करणाऱ्या जबड्यात पुडीची बारीकशी खडी अडकलेली सापडली. आमच्या विभागाच्या मॅडमनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं, मला नवं रबरी कडं आणलं आणि माझ्याभोवती कोणी खरकटे कप ठेवायचे नाहीत अशी ताकीद दिली. माझ्या आयुष्यातले ते मानाचे दिवस होते.

वर्षं अशीच गेली. मग कारखान्याने एक दिवस ठरवला, की कामगारांच्या घरच्यांनी यावं आणि आपली माणसं काय काम करतात ते बघावं. त्या दिवशी वहिनींची लेक आली. उंच, दणकट, केस आखूड कापलेली मुलगी. लहानपणी पाण्यातून बाहेर निघायचंच नाही म्हणून वडील तिला बेडकी म्हणत, आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं होतं. पाहुण्यांना पंप दाखवायला फिटरही खोलीत होता. बाकीचे लोक चहाला गेले आणि ही तिघंच मागे राहिली.

बेडकी माझ्यासमोर वाकली. तिने एक पाकीट फुगताना पाहिलं, पाणी शांत राहिलेलं पाहिलं, आणि मग आईचं तोंड पाहिलं.

"आई, तू रोज हे बघतेस?" तिने विचारलं.

वहिनी म्हणाल्या, काम आहे, बघावंच लागतं.

मुलगी सरळ उभी राहिली. मग तिने घरी बोलायला न धजावलेली गोष्ट तिथे सांगून टाकली. पाणबुड्याचं काम शिकवणाऱ्या संस्थेत तिची निवड झाली होती. धरणाचे दरवाजे, पुलांचे खांब, बोटींचे तळ, हे सगळं पाण्याखाली जाऊन दुरुस्त करायचं काम. तिच्या वडिलांचं काम.

वहिनींनी एवढंच म्हटलं, "नाही."

बेडकीने वाद घातला नाही. ती फिटरकडे वळली आणि म्हणाली, की काका, तुम्ही बाबांचा दोर धरायचात. दोराच्या खुणा मला शिकवा. तिथे शिकवतातच, पण मला तुमच्याकडून शिकायच्या आहेत.

फिटर पंपाकडे बघत राहिला. वहिनी आणि फिटर या दोघांमध्ये काय होतं ते मला त्याच दिवशी समजलं. वहिनींचा नवरा धरणाच्या दरवाजात अडकलेला गाळ आणि मुळं काढायला खाली उतरायचा. तोंडाला हवेची नळी, कमरेला दोर. दोराचं वरचं टोक या मित्राच्या हातात. त्या दिवशी वहिनी जेवणाचा डबा घेऊन काठावर बसल्या होत्या आणि लहानगी बेडकी शेजारी खडे मांडत होती. पाण्यावर त्याच्या श्वासाचे बुडबुडे येत होते. मग ते येईनासे झाले. दोर ओढला तर तो खाली कुठेतरी अडकलेला. त्याला वर काढलं तोवर उशीर झाला होता. त्यानंतर मित्राने पाण्याचं काम सोडलं आणि हातात पाने-पक्कड धरली. त्या दिवसाबद्दल वहिनींनी त्याला कधी काही विचारलं नव्हतं, आणि त्यानेही कधी काही सांगितलं नव्हतं.

आज वहिनींनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, जणू पंपात तेल किती आहे ते विचारत होत्या.

"भाऊजी, त्या दिवशी दोर हलला होता का?"

फिटर म्हणाला, "हलला होता."

"किती वेळा?"

"एकदा."

"एकदा म्हणजे काय असतं?"

"एकदा म्हणजे मी ठीक आहे." तो थांबला. "आणि वर ओढा म्हणायचं असेल तर चार वेळा."

खोलीत पंप घरघरत होता. तो बंद करायचं कोणालाच सुचलं नाही.

वहिनी हळूच म्हणाल्या, "तेव्हाच तुम्ही माझ्याकडे बघून हात हलवला होतात."

"हो. ठीक आहे म्हणतोय असं तुम्हाला कळवायला." फिटरने आपला उजवा तळवा उघडून त्याच्याकडे पाहिलं. "वहिनी, तो ठीक आहे म्हणत होता, की ती चारातली पहिली होती आणि पुढच्या तीन त्याला देताच आल्या नाहीत, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. झोपेत हाताला झटका बसतो. मी मोजायला लागतो. एकच येतो."

बेडकीने आईचा दंड धरला. वहिनी रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांनी तोटी उघडली, झाकण काढलं, पाकीट पुसून ट्रेमध्ये ठेवलं आणि त्या लेकीला घेऊन बाहेर गेल्या.

त्यानंतर बरेच दिवस फिटर आमच्या खोलीत आला नाही. आपलं तोंड वहिनींना दिसू नये असं त्याला वाटत असावं. तेल घालायला तो दुसऱ्या कोणाला पाठवी, आणि तो माणूस घाईघाईने वरवर काम उरकून जाई. माझं रबरी कडं चिरत चाललं होतं, पंप धापा टाकत होता. वहिनी पूर्वीसारख्याच कामावर येत. पण एक गोष्ट बदलली होती. पाण्याकडे बघताना आता त्यांचे ओठ हलत नसत. फक्त उजव्या हाताचं एक बोट टेबलावर एकदा टेकायचं आणि तिथेच थांबायचं.

एका सकाळी एकामागून एक पाकिटं उत्तम निघत होती. काटा बरोबर खुणेवर होता, पाणी आरशासारखं स्थिर. कोणालाही आनंद झाला असता. वहिनी मात्र अस्वस्थ होत गेल्या. त्यांनी जाळीजवळ डोळे नेले. काटा म्हणत होता सगळं ठीक आहे, पण पाकीट नेहमीसारखं टम्म झालं नव्हतं. त्यांनी पदराची टाचणी काढली, एका चांगल्या पाकिटाला मुद्दाम भोक पाडलं आणि ते माझ्यात बुडवलं.

पंप लागला. काटा खुणेवरच होता. भोक पाडलेलं पाकीट पाण्याखाली पडून होतं आणि पाणी शांतच राहिलं.

मित्रांनो, तो क्षण आठवला की आजही माझ्या कोरड्या भिंतींवर शहारे येतात. माझ्या हातून हे होत होतं आणि मला ते कळलं नव्हतं. झाकणाच्या फटीतून हवा आत येत होती, काटा जागच्या जागी अडकला होता, आणि मी मात्र प्रत्येक पाकिटाला हो म्हणत होते. त्या शांततेला काहीही अर्थ नव्हता.

वहिनी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. तरी त्या सरळ मॅडमकडे गेल्या आणि सकाळपासूनचा सगळा माल थांबवायला लावला. मॅडमनी विचारलं, फिटरला बोलावू का? वहिनी म्हणाल्या, मीच बोलावते.

तो आला. खाली मान घालून त्याने झाकण उघडलं, चिरलेलं कडं काढलं, काट्याची नळी साफ केली, पंपातलं जळकं तेल बदललं. वहिनी शेजारी उभ्या राहून त्याला कपडा देत होत्या. काम संपल्यावर त्यांनी तेच भोकाचं पाकीट पुन्हा बुडवलं. बुडबुड्यांची माळ सरसरत वर आली. सकाळचा माल पुन्हा तपासला, तेव्हा त्यातली काही पाकिटं खरोखरच कच्ची निघाली. ती कुठल्याशा बाळाच्या घरी जायची होती.

फिटर हात पुसत दाराकडे निघाला, तेव्हा वहिनींनी त्याला थांबवलं.

"बेडकी जाणार आहे," त्या म्हणाल्या. "मी अडवून ती थांबायची नाही. बापावर गेली आहे. तिथे सुरुवातीला घरचं माणूस काठावर चालतं म्हणे, शिकवणाऱ्याच्या जोडीला. तिचा दोर तुम्ही धरायचा."

फिटरला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "वहिनी, माझ्या हातात देताय?"

"दुसऱ्या कोणाच्या हाताला हे माहीत आहे?" वहिनी म्हणाल्या. "पण एक सांगते. तिने ठीक आहे म्हटलं, तर लगेच खरं मानायचं नाही. तुम्ही परत विचारायचं. ती परत ठीक आहे म्हणाली तर ठीक. उत्तरच आलं नाही, तर पुढच्या खुणेची वाट बघायची नाही. ओढायचं."

फिटरने मान हलवली.  जाताना त्याने उगाचच माझं झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं.

बेडकी पहिल्यांदा खोल पाण्यात उतरली, त्या दिवशी वहिनी कामावर आल्या नाहीत. दिवसभर दुसरीच कोणी मुलगी माझ्यावर काम करत होती आणि माझं लक्ष दाराकडे होतं. दुसऱ्या दिवशी वहिनींनीच मॅडमना सगळं सांगितलं. लेक खाली गेली. बुडबुडे येत होते, मग वारा सुटला, पाण्यावर लाटा उठल्या आणि ते दिसेनासे झाले. वहिनींनी डोळे मिटले नाहीत. भाऊजींनी दोर ओढून विचारलं. एक झटका आला. त्यांनी परत विचारलं. काहीच आलं नाही. ते उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी दोर आवळला, ओढायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात खालून पुन्हा एक झटका आला. लेकीच्या हातात पाना होता म्हणून उशीर झाला होता. तरी त्यांनी तिला वर काढलंच. ती तोंडातली नळी काढून वैतागून म्हणाली, की काका, मी खाली काम करायचं का तुम्ही कडी वाजवली की सारखं दार उघडायला यायचं? शिकवणारा हसला. भाऊजी मात्र काठावर बसून ढसाढसा रडले. वहिनींनी त्यांच्या मुठीतून दोर सोडवायचा प्रयत्न केला, पण बोटंच उलगडत नव्हती.

हे सांगताना वहिनी एका पाकिटावर जाळी ठेवत होत्या. मॅडमनी विचारलं, आता तरी मन निवलं का? वहिनी म्हणाल्या, "नाही हो. आमच्या ह्यांची ती एक खूण कुठली होती, ते आता कोण सांगणार? पण लेक वर आली."

पुढे पाण्याशिवाय सील तपासणारं नवं यंत्र आलं. त्यात पाकीट ठेवलं की लाल किंवा हिरवा दिवा लागतो. वहिनींनी तेही शिकून घेतलं. मला पुसून, झाकण दोरीने बांधून त्यांनी स्वतः कोठीत नेऊन ठेवलं. तिथे धूळ खात मी बरीच वर्षं काढली. कधी रंगाचे डबे माझ्यावर ठेवले गेले, कधी झाडू माझ्यात उभे केले गेले. माझ्या भिंती पिवळ्या पडल्या. मग तुमच्या शाळेला जुनं सामान हवं होतं, तेव्हा मॅडमनी मला इकडे पाठवलं. बेडकी आज कुठे, कोणत्या पाण्याखाली काम करते, मला माहीत नाही. तिचा दोर धरणारे हात आता म्हातारे झाले असतील. कधीतरी तुमची खोली रिकामी असते आणि मी पूर्ण कोरडी असते, तरीही माझ्या तळातून काहीतरी वर येत असल्याचा भास मला होतो. ते काय म्हणत असतं, मला अजून उमगलेलं नाही.

मित्रांनो, मला तुम्ही पुसा किंवा पुसू नका. माझं काही अडत नाही. पण तुमच्या घरी, तुमच्या वर्गात कोणीतरी असं असेल, की ज्याला विचारलं तर ते म्हणतं, काही नाही, मी ठीक आहे. ते खरंही असेल. पण ती त्याची पहिली खूण असेल आणि पुढच्या खुणा करायचं बळ त्याच्यात उरलं नसेल, तर? म्हणून जवळ जा आणि आणखी एकदा विचारा. ते चिडेल, हसेल, सारखं काय विचारता म्हणेल. म्हणू दे. आणि दुसऱ्यांदा उत्तर आलं नाही, तर वाट बघत बसू नका.